खाद्यातली पूड आणि आतड्यातले जिवाणू

वाळवा तालुक्यात माझ्या मावसभावाची पाच हजार ब्रॉयलर पक्ष्यांची शेड आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, मजुरी आणि खाली अंथरायचे भाताचे तूस दादाचे. बॅच उचलली गेली की किलोमागे ठरलेला दर त्याच्या हाती पडतो. चाळिसेक ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जात असल्यामुळे या धंद्यात सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो, तो म्हणजे एफसीआर, अर्थात एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले त्याचा हिशेब. शेडच्या दाराशी टांगलेल्या कार्डावर रोजची मर, रोजचे खाद्य आणि आठवड्याचे सरासरी वजन लिहिलेले असते. पक्ष्याच्या आतड्यात कोणते जिवाणू वाढत आहेत यासाठी त्यात रकाना नाही. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी नजर त्या नसलेल्या रकान्याकडेच जाते.

गेल्या दिवाळीत दादाने मला फळीवरच्या तीन पिशव्या दाखवल्या. पहिलीत ब्युटिरिक आम्लाचा क्षार होता, आणि तो पिशवी उघडताच शिळ्या लोण्याच्या वासावरून ओळखू आला. दुसरीवर बॅसिलस सबटिलिस असे जिवाणूचे नाव आणि ग्रॅममागे त्याची संख्या छापलेली होती. तिसरीवर मात्र ‘ग्रोथ प्रमोटर’ एवढेच शब्द आणि टनामागे किती मिसळायचे ते प्रमाण होते. आत काय आहे याचा एक अक्षरानेही उल्लेख नव्हता. हे नेमके काय आहे, असे मी विचारले, तर दादा म्हणाला, “अगं, यानं तूस कोरडं राहतं.” पोल्ट्रीवाल्याच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे आहे, कारण तूस ओले झाले की अमोनिया वाढतो, पक्ष्यांचे पाय खराब होतात आणि मर वाढते. मला मात्र त्या रात्री तीच पिशवी डोळ्यांसमोर दिसत राहिली, कारण त्यात प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, तर नसेल ना, हा प्रश्न सुटत नव्हता.

प्रतिजैविके कोंबडीच्या खाद्यात शिरली तीसुद्धा औषध म्हणून नव्हे, तर पूरक म्हणूनच. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे पिल्लांसाठी ब-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार केल्यावर उरणारा चोथा खाऊ घातलेली पिल्ले केवळ जीवनसत्त्वाने वाढतील त्यापेक्षा अधिक वाढली, आणि चोथ्यात राहिलेले प्रतिजैविकच त्याला कारणीभूत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. 1951 मध्ये तिथे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय ते खाद्यात मिसळण्यास परवानगी मिळाली. एखादी वस्तू जीवनसत्त्वाच्या शेजारी बसून आली की तिला औषधाचे नियम लावायचे कोणाच्या मनात येत नाही, आणि ही सवय अजून गेलेली नाही.

अशा खाद्याने आतड्यात काय घडते, हे 1976 मध्ये संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टनजवळच्या एका शेतावर दाखवून दिले. काही पिल्लांना टेट्रासायक्लिन कुळातले ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलेले खाद्य देण्यात आले आणि आठवड्याच्या आतच त्यांच्या आतड्यातील जिवाणू जवळजवळ सर्वच टेट्रासायक्लिनला दाद न देणारे झाले. त्याहून महत्त्वाची नोंद शेतावर राहणाऱ्या माणसांची होती. पाच-सहा महिन्यांत त्यांच्या विष्ठेच्या साप्ताहिक नमुन्यांपैकी 31.3 टक्के नमुन्यांत 80 टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिरोधक निघाले, तर शेजाऱ्यांमध्ये असे नमुने 6.8 टक्के होते. शिवाय एकच औषध दिलेले असूनही पक्ष्यांमधील जिवाणू हळूहळू इतर अनेक औषधांनाही जुमानेनासे झाले, कारण प्रतिरोधाची जनुके बहुधा एकेकटी नसतात. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावर ती एका माळेत ओवलेली असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे ही माळ सबंधच जाते.

ही माळ किती घट्ट असते, हे डेन्मार्कने अनुभवले. माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाशी नाते असलेले अ‍ॅव्होपार्सिन त्यांनी 1995 मध्ये खाद्यातून काढून टाकले. ब्रॉयलरमधील एन्टेरोकॉकस फेसियम या जिवाणूतले त्याला होणाऱ्या प्रतिरोधाचे प्रमाण 1995 च्या 72.7 टक्क्यांवरून 2000 पर्यंत 5.8 टक्क्यांवर आले. डुकरांमध्ये मात्र ते पुढची काही वर्षे पाचव्या हिश्श्याच्या आसपास अडून राहिले. तिथे टायलोसिन हे वेगळ्याच कुळातले प्रतिजैविक चालू होते, आणि त्याला दाद न देणारे जनुक व्हॅन्कोमायसिनच्या जनुकासोबत एकाच प्लास्मिडवर होते. 1998 नंतर टायलोसिनचा वापर घटला, तेव्हा कुठे तो आकडा खाली आला. म्हणून ‘आम्ही ते औषध बंद केले’ असे कोणी सांगितले की पिशवीत आणखी काय आहे, हे मी विचारते.

दादाच्या शेडमधून मी थोडी ताजी विष्ठा आणली होती. जिवाणू वाढवण्यासाठीच्या मॅकॉन्की अगर या माध्यमाच्या एका ताटलीत टेट्रासायक्लिन घातले, दुसरीत नाही, आणि दोन्ही रात्रभर सदतीस अंशांवर ठेवल्या. सकाळी दोन्हींवर जिवाणूंच्या सारख्याच दाट गुलाबी वसाहती होत्या, म्हणजे औषधाने काही फरक पडला नव्हता. कोणती ताटली कोणती हे मागे लिहिलेले वाचल्याशिवाय मला सांगता आले नसते. एका शेडमधल्या एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि तिसऱ्या पिशवीचा त्यात हात आहे असे तर मुळीच म्हणता येत नाही. प्रतिरोधक जिवाणू उबवणीगृहातून पिल्लांबरोबरही येतात.

मग प्रतिजैविकांच्या जागी आलेल्या पूरकांचे काय? आम्ले आणि उपयुक्त जिवाणू यांच्या मागची कल्पना चांगली आहे. फिनलंडमध्ये एस्को नुर्मी यांनी 1973 मध्येच दाखवले होते की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तर साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला तिथे जागा मिळणे कठीण होते. परंतु जो जिवाणू आपण ग्रॅममागे कोट्यवधींच्या संख्येने चारतो, त्याच्याच अंगी प्रतिरोधाचे जनुक असेल, तर ते आपण हाताने पेरल्यासारखे होईल. युरोपात म्हणूनच खाद्यातल्या जिवाणूच्या प्रत्येक वाणाची प्रतिजैविकांवर चाचणी मागतात. तांबे आणि जस्त यांचे जास्त प्रमाणही निर्धोक नाही, कारण धातूंना टिकून राहण्याची जनुके कधीकधी त्याच माळेत असतात.

आपल्याकडे कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या बाबतीत जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने ठाम पाऊल उचलले. कोलिस्टिनला दाद न देणारे, प्लास्मिडवरून फिरणारे एमसीआर-1 जनुक चीनमध्ये सापडल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि अतिदक्षता विभागात कोलिस्टिन हा शेवटच्या उपायांपैकी एक असतो. त्या बंदीच्या आदेशात कुक्कुटपालनाबरोबर खाद्यपूरकांचाही स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट मला फार योग्य वाटते.

तिसऱ्या पिशवीतल्या घटकांची यादी दादाने पुरवठादाराकडे दोनदा मागितली. पहिल्यांदा “कंपनीचा फॉर्म्युला आहे” असे उत्तर आले, दुसऱ्यांदा फोन उचलला गेला नाही. पुढच्या बॅचला त्याने ती पूड वापरली नाही आणि तूस रोज हलवून कोरडे ठेवण्यासाठी एक जास्तीचा माणूस लावला. त्या बॅचच्या कार्डावर एफसीआर किंचित वाढलेला आहे. बॅच उचलल्यावर निघालेले कोंबडखत ट्रॉलीत भरून नेहमीप्रमाणे शेजारच्या आल्याच्या रानात गेले. निघण्यापूर्वी मी त्यातले चिमूटभर डबीत भरून घेतले आहे, ताटल्या सोमवारी लावायच्या आहेत.