फील्डवर्कमधलं लिहिणं: बीएसडब्ल्यूचा माझा अनुभव

बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी, आणि फील्डवर्क म्हणजे त्यातलं एखाद्या संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम. फील्डवर्क म्हटलं की गृहभेटी आणि बैठका डोळ्यांसमोर येतात. माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं ते लिहिणं. सुरुवातीला त्याचा वैताग यायचा, पण शिकले ते बहुतेक त्यातूनच.

मला रुग्णालयातला समाजसेवा विभाग मिळाला होता. ओळखभेटी झाल्यावर शिक्षण-करार झाला. त्यावर विद्यार्थी, एजन्सी (म्हणजे फील्डवर्क जिथे करायचं ती संस्था) सुपरवायझर आणि कॉलेजचे मार्गदर्शक अशा तिघांच्या सह्या असतात. आपण काय शिकणार आणि देखरेख कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. ज्युनियर मुलांना मी आवर्जून सांगते, हा कागद वाचून सही करा. एजन्सीत माणसं नेहमीच कमी असतात आणि विद्यार्थी आयता हाताशी असतो. माझ्या करारात ‘स्वतंत्र व्यक्ती सहयोग कार्य’ (एकेका व्यक्तीसोबत स्वतः काम करणं, म्हणजे केसवर्क) स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून रजिस्टरं भरण्यातून वेळेवर सुटले. तासांचा हिशेब सगळीकडेच असतो. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला फील्डवर्कचे किमान ४०० तास लागतात. पण रजिस्टर भरत बसलं तरी तास भरतातच.

पहिले काही आठवडे नुसतं बघायचं होतं: सुपरवायझर मॅडम बोलतात कशा, गप्प कधी राहतात.

मग संवाद-नोंद सुरू झाली. भेटीत कोण काय बोललं ते शक्य तितकं जसंच्या तसं एका रकान्यात, त्या वेळी आपल्याला काय वाटलं ते शेजारच्या रकान्यात, आणि तिसरा रकाना सुपरवायझरसाठी मोकळा. रुग्णासमोर वही उघडायची नाही. बाहेर येऊन चार शब्द टिपायचे आणि त्याच दिवशी सगळं उतरवायचं, कारण दुसऱ्या दिवशी आठवतं ते आपल्या सोयीचं असतं.

माझी पहिली केस म्हणजे हाड मोडून दाखल झालेले एक आजोबा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). डिस्चार्ज जवळ आला होता. मुलगी म्हणत होती वृद्धाश्रम, ते म्हणत होते घर. भेटीत ते फारसं काही बोलले नाहीत असं मला वाटलं. रात्री लिहायला बसले तेव्हा दिसलं की दुखणं, औषधं, मुलगी या सगळ्या प्रश्नांना एकेका शब्दात उत्तरं होती, पण संडासला कसे जायचे हे सांगताना मात्र ते सलग बोलले होते. संडास वरच्या मजल्यावर होता आणि ते पडले होते त्याच जिन्यात. घर की वृद्धाश्रम यावर बापलेकीचा वाद संपणारा नव्हता. खाली कमोडची खुर्ची ठेवता येईल का, यावर मात्र बोलता येत होतं.

वैयक्तिक चर्चेत, म्हणजे आयसीत, मी हे उत्साहाने सांगितलं. मॅडमनी रिपोर्ट चाळला आणि एवढंच विचारलं, ‘‘मुलगी तीन ओळींत का आटोपली?’’ समाजकार्याचे अभ्यासक बिस्टेक यांनी क्लायंटशी नातं कसं असावं याबद्दल १९५७ मध्ये मांडलेली सात तत्त्वं आम्हाला पाठ होती. त्यातलं स्वयंनिर्णयाचं, म्हणजे आपला निर्णय क्लायंटने स्वतः घ्यावा हे तत्त्व मला आजोबांच्या बाजूने फार सोयीचं पडत होतं. पण नियंत्रित भावनिक सहभाग, म्हणजे भावना समजून घ्यायच्या पण त्यात वाहून जायचं नाही, हेही त्याच यादीत आहे. मुलीशी नीट बोलल्यावर कळलं, तिला भीती फक्त रात्रीची होती. शेवटी आजोबा घरी गेले, रात्रीचा मदतनीस ठेवून आणि लेकीच्या दोन अटी मान्य करून.

निरोप घेण्याबद्दल वर्गात फार कमी बोललं जातं. आपण सत्रापुरते आलोय हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, नाहीतर जाताना आपण त्याला सोडून गेलो असं होतं. जाण्याआधी विभागासाठी हस्तांतर टिपण लिहायचं असतं: पाठपुराव्याचा फोन कधी, मदतनीस कधीपर्यंत, घरच्यांपैकी कोणाशी बोलायचं.

मूल्यमापनात मला सगळ्यात चांगले गुण त्या टिपणाला मिळाले आणि सगळ्यात कमी गटकार्याला, म्हणजे काही जणांचा गट करून त्यांच्यासोबत काम करण्याला. वॉर्डात गट जमेपर्यंत अर्धे रुग्ण घरी गेलेले असतात, तिथे गटकार्य कसं करायचं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणून पुढच्या सत्रासाठी शाळा मागितली आहे.