मामा आणि दात घासायचा सीन

मागच्या जुलैत मामा गुडघा दाखवायला खडकीच्या एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) आले आणि आठवडाभर आमच्याकडे धानोरीत राहिले. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यातले काही महिने 'ग्लेशियर'वर. (सियाचीनला ते सियाचीन म्हणतच नाहीत.) बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना, म्हणून मी 'हॅम्बर्गर हिल' हा इंग्रजी युद्धाचा पिक्चर लावला. 1987चा.

मला तो आवडतो, कारण त्यात हिरो असा कुणी नाही. मे 1969, व्हिएतनाममधली 937 मीटरची टेकडी, दहा दिवस. अमेरिकन पोरं वर चढतात, मार खाऊन खाली येतात, परत चढतात. पुढे पावसाने डोंगराचा नुसता राडा होतो आणि चढलेला माणूस पोटावर घसरत परत खाली.

मामांचं इंग्रजी कामापुरतं. ते जांभया देत होते. मग तो सीन आला. सार्जंट नव्या पोरांना दात कसे घासायचे ते शिकवतो. मामा सावरून बसले.

"हे बरुबर दावलंय. पर दातानंतर पाय!"

मग पिक्चर राहिला बाजूला. रोज फूट इन्स्पेक्शन, बोटांच्या बेचक्यात पावडर, ओले मोजे बनियनच्या आत पोटाशी धरून वाळवायचे. "गोळी एकाद्याला लागती. पाय समद्यांचं जात्यात."

1997 ला आम्ही कॉलेजातली पोरं 'बॉर्डर'ला शिट्ट्या मारून घसा बसवून आलो होतो. त्यात एकेक करून किती जण पडतात! तो ज्यावर बेतलाय त्या 1971च्या लोंगेवालाच्या लढाईत प्रत्यक्षात सुमारे 120 जणांच्या कंपनीतले दोघं गेले. रणगाड्यांसमोर रात्र काढली, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. मला विचाराल तर ते उजाडायची वाट बघणं, हाच खरा पिक्चर होता. पण त्यावर शिट्टी कोण मारणार?

पिक्चर संपल्यावर मी जरा भाव खात सांगितलं, "मामा, एवढं करून जूनमध्ये ती टेकडी सोडून दिली त्यांनी."

मला वाटलं, हळहळतील.

"मग? टेकडी काय घरी न्यायची असती व्हय?" गुडघ्याला तेल चोळत मामा म्हणाले. "मामीला हाक मार. ते दाताचं परत लाव तेवढं."