उन्हाचा जिल्हा आणि वाळवणाला बंदी

शुक्रवारच्या टपालात सोसायटीचं पत्र होतं. आत आमच्याच बाल्कनीचा रंगीत फोटो. कठड्यावर आईच्या दोन सुती साड्या, मुलाची गोधडी, आणि खाली स्टुलावर दोन स्टीलची ताटं. ताटांत आंब्याची साठं. पत्रात नियमाचा क्रमांक, ‘परिसराच्या दृश्य सौंदर्याला बाधा’ असा ठपका आणि सुधारणेसाठी चौदा दिवसांची मुदत. नाही सुधारलं तर दंड.

आईनं चष्मा लावून फोटो नीट बघितला. म्हणाली, “चांगला आलाय गं. दादाला पाठव.”

आम्ही राहतो ऑरेंज काउंटीत. दक्षिण कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिसच्या खाली, समुद्राला लागून. आकारानं आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम पाव, वस्ती मात्र दुप्पट, तीस लाखांच्या वर. वर्षाला पाऊस तेरा-चौदा इंच. गुहागरात आषाढातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात एवढा पडून जातो. बाकी सगळं ऊन. ऊन हाच इथला धंदा, हीच इथली जाहिरात. आणि त्या उन्हात साडी वाळत घातली तर नोटीस.

आई मे महिन्यात आली. तिला मी फोनवर वर्षभर ‘आमच्याकडे काय ऊन असतं’ म्हणून ऐकवलेलं. ती आल्यावर दीड महिना सकाळी सूर्य दिसला नाही. मे-जूनमध्ये इथल्या किनाऱ्यावर समुद्राकडून ढग येऊन बसतात, दुपारी बारा-एकशिवाय हलत नाहीत. लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. पाणी थंड आणि वरची हवा गरम, त्याचा हा प्रताप. आई खिडकीत उभी राहून रोज विचारायची, “हेच का ते तुझं ऊन?” जुलैत एकदाचं आकाश मोकळं झालं आणि बाईंनी त्याच दिवशी वाळवणं काढली. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेवर्डवरून (ते पलीकडच्या काउंटीत येतं, पण आपल्या लोकांचं वाणसामान तिथेच) हापूसच्या रसाचे डबे आणले. डब्यातल्या रसाची साठं घालायची वेळ आली म्हणून ती दोन दिवस स्वतःवरच नाराज होती. पण ताटाला तुपाचा हात लावून तिनं पहिला थर ओतला, तेव्हा सगळ्या घराला जो वास आला, तो पत्र लिहिणाऱ्याला यायला हवा होता.

ड्रायर तिला पटला नाही तो नाहीच. पहिल्यांदा कपडे काढले तेव्हा तिनं जाळीत साचलेला करडा कापूस चिमटीत धरला आणि उजेडात नेऊन पाहिला. “हे काय?” म्हटलं, कपड्यांचे धागे. “म्हणजे दर वेळी कपडे एवढे झिजतात?” मी गप्प. बारा वर्षांत हा हिशेब मी केलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात कपाटात एक डबा सापडला, त्यात तो कापूस भरून ठेवलेला. वाती होतात का, ते तिला बघायचं होतं. होत नाहीत. अर्धं पॉलिस्टरच निघालं.

मला राग आला तो पत्राच्या भाषेचा. ‘दृश्य सौंदर्य’ म्हणे. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी कायदा उघडून बसले. नवरा झोपला, आई झोपली, मी वाचतेय. आणि सापडलं! कॅलिफोर्नियात दोरीवर कपडे वाळवायच्या हक्काचा खराखुरा कायदा आहे. २०१५ साली झाला, १ जानेवारी २०१६ पासून लागू. सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. सोसायटीला पाठवायच्या पत्राचं पहिलं वाक्यही मनात तयार झालं. मग पुढचं कलम वाचलं. हा हक्क फक्त स्वतःच्या वापराच्या मागच्या अंगणापुरता. शिवाय बाल्कनी, कठडा, छज्जा हे कपडे वाळवण्याचं साधन म्हणून धरले जाणार नाहीत, असं वेगळं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे ज्यांना अंगण परवडतं त्यांना ऊन, आणि आम्हा दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना ड्रायर.

सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग अंगण शोध.”

इथली सगळी वस्ती इतकी एकसारखी, इतकी खाकी-बदामी का, हे कळायला मला उशीर झाला. १८६०च्या दशकात इथे मोठा दुष्काळ पडला, गुरं मेली, जुन्या मेक्सिकन जहागिरी कर्जात बुडून विकल्या गेल्या. त्या ज्यांनी घेतल्या त्यांत जेम्स आयर्विन होता. त्याच्या घराण्याकडे लाखाहून जास्त एकर सलग जमीन आली. आधी मेंढ्या, मग शेती, मग बागा. १९६०च्या सुमाराला विल्यम परेरा या वास्तुविशारदानं त्यातल्या मोठ्या तुकड्याचा आराखडा काढला. मध्ये विद्यापीठ (ते १९६५ला उघडलं), भोवती एकेक ‘गाव’, प्रत्येक गावाला शाळा, तळं, झाडं आणि नियम. १९७१ साली आयर्विन शहर झालं. आपल्याकडे गाव वाढतं, मग कुणीतरी नकाशा काढतं. इथे नकाशा आधी आला, माणसं मागून आली. दोरी त्या नकाशात नव्हतीच.

काउंटीचं नावसुद्धा जाहिरातीतूनच आलेलं. १८८९ साली लॉस एंजेलिसपासून वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा इथे संत्र्यांचं राज्य नव्हतं. ॲनाहाइम गावात तर १८५७ला आलेल्या जर्मन लोकांनी द्राक्षं लावलेली, ती १८८०च्या दशकात रोगानं बसली. पण ‘ऑरेंज’ म्हटलं की थंडीनं गारठलेल्या, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या माणसाला ऊन, बाग, फळं असं सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. संत्री नंतर खरोखरच आली, आणि अशी आली की मैलोन् मैल बागा. १९०८मध्ये बागायतदारांच्या संघानं ‘सनकिस्ट’ हे नाव घेतलं, म्हणजे सूर्यानं मुका घेतलेलं फळ. ऊन असं पेटीवर छापून विकलं. मग १९५५मध्ये ॲनाहाइममधली १६० एकरांची जागा, बहुतेक संत्र्याचीच, साफ करून डिस्नेलँड उभं राहिलं, आणि त्यानंतर बागांची घरं व्हायला वेळ लागला नाही. आमच्या पार्किंगमध्ये शोभेसाठी एक संत्र्याचं झाड ठेवलंय. त्याची संत्री कुणी तोडत नाही. तोडायची नाहीत असाही नियम आहे.

भावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. “कपडे वाळत घालायची सोय नाही, मग एवढं भाडं कशाचं भरता?” मला लागलं ते. म्हटलं, तुझ्या बाणेरच्या सोसायटीत रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे घालू देतात का? नाही देत. सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, इथे टपालानं येतो, एवढाच फरक. “इथे निदान माणसं भांडतात तरी,” तो म्हणाला. ते खरं आहे. मग मी त्याला इथले समुद्रकिनारे ऐकवले. मला इथलं काही आवडतं असं सिद्ध करायची वेळ आली की मी किनाऱ्यावरच जाते.

पण किनाऱ्याची गोष्ट खरंच मोठी आहे. लगुना बीचला समुद्राकाठी जे बंगले आहेत त्यांच्या किमती आपण आकड्यात वाचून सोडून द्यायच्या. पण त्या बंगल्यांच्या मधून अरुंद जिने खाली उतरतात आणि ते सगळ्यांचे असतात. १९७२ला कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून किनारा राखायचं ठरवलं, १९७६ला त्याचा पक्का कायदा झाला. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू कुणाच्या बापाची नाही. ‘थाउजंड स्टेप्स’ नावाच्या किनाऱ्यावर आम्ही गेलो. नाव हजार पायऱ्यांचं, आईनं मोजल्या, सव्वादोनशेच्या आसपास भरल्या. (“इथेही जाहिरातच!”) खाली एका कोट्यधीशाच्या कुंपणाला टेकून एक कुटुंब टॉर्टिया भाजत होतं आणि त्यांना कुणी उठवत नव्हतं. क्रिस्टल कोव्हला १९२०-३०च्या काळातली जुनी लाकडी घरं आहेत, छेचाळीस. ती राज्यानं १९७९ला जमिनीसकट घेतली. तिथे आता कुणीही रात्रीचं भाडं भरून राहू शकतं. नंबर लागला तर.

पाण्यात मात्र आई घोट्यापर्यंतच गेली. उत्तरेकडून थंड प्रवाह येतो, भर उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. हंटिंग्टन बीचच्या धक्क्यावरून तिनं रबरी कपड्यांतली सर्फिंगवाली पोरं पाहिली आणि विचारलं, “हे समुद्रात भिजायला जातात, की न भिजायला?” गुहागरचा समुद्र दहा मिनिटांवर असूनही ती चाळीस वर्षांत चार वेळा तरी गेली असेल का, माहीत नाही. पण समुद्र कसा असावा याबद्दल तिची मतं पक्की आहेत.

अंगण सापडलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्या मेक्सिकन वंशाच्या, जन्म इथलाच, वय चौऱ्याऐंशी. आई आणि त्या सकाळी तळ्याभोवती एकत्र फिरतात. एक मराठीत बोलते, एक निम्मं स्पॅनिश, आणि दोघींना एकमेकींच्या गुडघ्यांची इत्थंभूत माहिती आहे. आईनं त्यांना पत्र दाखवलं. त्या खो खो हसल्या आणि मला खाली बोलावून घेतलं. त्यांचे आईवडील संत्र्याच्या बागांत तोडणीला असत. थंडीत दहिवरानं फळ जाऊ नये म्हणून झाडांच्या रांगांमधून रात्रभर तेलाच्या शेगड्या पेटवायचे, आणि सकाळी सगळ्या गावावर काजळी. त्यांच्या आईनं दोरीवर टाकलेल्या पांढऱ्या चादरी करड्या होऊन यायच्या. नाक शिंकरलं की काळं. “तेव्हा आमच्या दोरीला कुणी पत्र पाठवलं नाही,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आम्ही राहायचो तिकडे कुणी बघतच नसे.”

त्यांच्या मोठ्या भावाला ‘मेक्सिकन शाळे’त, म्हणजे मेक्सिकन मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत, घातलं होतं. हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. वेस्टमिन्स्टर गावात मेंडेझ नावाच्या कुटुंबातल्या मुलांना जवळच्या शाळेनं घेतलं नाही. त्यांच्याच उजळ रंगाच्या आतेभावंडांना घेतलं असतं. मेंडेझ कुटुंब ज्या शेतावर होतं ते मुनेमित्सु या जपानी कुटुंबाचं. त्या कुटुंबाला दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या छावणीत डांबलेलं, म्हणून शेत यांना कसायला मिळालेलं. त्या शेताच्या पैशांतून खटला उभा राहिला. पाच कुटुंबं, चार शाळामंडळं. १९४६ला निकाल बाजूनं, १९४७ला अपिलातही टिकला. अमेरिकेत सगळीकडे गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक करायचा तो प्रसिद्ध निकाल १९५४चा, म्हणजे हा त्याच्या सात वर्षं आधीचा. हे सगळं आमच्यापासून गाडीनं वीस मिनिटांवर. भाऊ ज्याला ‘श्रीमंतांचा जिल्हा’ म्हणतो, त्याच जिल्ह्यात. (श्रीमंतीचं म्हणाल तर १९९४च्या डिसेंबरात या काउंटीनं दिवाळं काढलं होतं. खजिनदारानं गुंतवणुकीत दीड अब्ज डॉलरच्या वर घालवले. आडनाव सिट्रन. म्हणजे तेही लिंबाच्याच जातीतलं.)

तर आजींनी त्यांच्या भाच्याला फोन केला. सांता ॲनाला त्यांच्या बहिणीचं जुनं घर आहे, मागे सिमेंटचं अंगण, दोन खांब आणि मध्ये तार. आमची दोन ताटं मलमलीच्या फडक्याखाली झाकून शनिवारी तिकडे गेली. आई दोन दिवस कासावीस. “कावळे असतील तिकडे? फडकं उडालं तर?” मुंग्यांची चौकशी तिनं माझ्याकडून फोन करवून दोनदा केली.

बुधवारी साठं परत आली. कडक, चकचकीत, कडा सुटलेल्या. एका ताटातली अर्धी साठं तशीच होती. उरलेल्या अर्ध्यांवर त्या बहिणीनं लाल तिखट, मीठ आणि वाळवलेलं लिंबू भुरभुरवलं होतं. त्यांच्याकडे आंब्याला ते लागतंच. आई ताटाकडे बघतच राहिली. साठाला तिखट! मी म्हटलं, आता काही खरं नाही. तिनं कडेचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चघळला.

“तिला विचार,” ती म्हणाली, “हे तिखट कुठे मिळतं.”

आई सप्टेंबरात परत गेली. बॅगेत त्या लाल तिखटाच्या तीन बाटल्या. फोनवर सांगत होती, खळ्यात यंदा सुपारी थोडी आहे, शेजारचे दोघे पुण्याला गेले, निम्म्या घरांना कुलपं. ऊन भरपूर पडलंय, पण वाळत घालायला काही नाही. यावर मी काय बोलणार? मुलाची शाळा चांगली आहे, नवऱ्याची नोकरी इथेच आहे, हे तिला माहीत आहे. तरी मी ते पुन्हा सांगितलं.

सोसायटीला मी उत्तर पाठवलं नाही. एक घडीचा स्टँड आणला आणि दिवाणखान्यात काचेच्या दाराच्या आत उभा केला. आतून चालतं, बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरात वाळवंटाकडून तो गरम सांता ॲना वारा सुटतो तेव्हा दार फूटभर उघडते, चादरसुद्धा तासाभरात वाळते. एरवी दोन ते चार ऊन आत येतं आणि हळूहळू टीव्हीकडे सरकतं. आत्ता सोफ्याच्या हातापर्यंत पोचलंय. स्टँड सरकवायला उठते.