क्लास फोरची ओरल आणि इंधनाचा तक्ता

जहाजावर इंजिनिअर अधिकारी होण्यासाठी क्लास फोरची परीक्षा असते. तिच्या मोटरच्या, म्हणजे डिझेल इंजिनांवरच्या, ओरलमध्ये इंधनावर प्रश्न येतोच, हे प्रत्येक सीनियर सांगतो. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जहाजावरचा काळ पूर्ण करून मी नागपूरला, त्रिमूर्तीनगरच्या घरी आलो, तेव्हा आयएसओ 8217 चा, म्हणजे जहाजाच्या इंधनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, तक्ता वहीत उतरवलेला होता. आरएमजी 380 या जड तेलासाठी 50 अंशांना व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, जास्तीत जास्त 380 सेंटिस्टोक, 15 अंशांना घनता घनमीटरला 991 किलो, पाणी अर्धा टक्का, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोला 60 मिलिग्रॅम, व्हॅनेडियम 350, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) किमान 60 अंश. सकाळी पाठ झालेले आकडे संध्याकाळी एकमेकांत मिसळायचे.

आमच्या शेजारचे काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. तिथे कोळसा धरेपर्यंत बॉयलर तेलावर चालवतात, त्यामुळे फर्नेस ऑइल त्यांनी आयुष्यभर हाताळलेलं. वही बघून ते म्हणाले, "आकडे काऊन पाठ करून राहिला बाबू? तेल कुठून कुठं जाते, ते सांग न मले आधी."

मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि बंकर टाकीपासून (बंकर म्हणजे जहाजात भरलेलं इंधन) इंजेक्टरपर्यंत तेलाच्या वाटेने निघालो. सेटलिंग टँक, प्युरिफायर, सर्व्हिस टँक, हीटर, फिल्टर, फ्युएल पंप. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथे कोणता आकडा बिघडला तर काय होईल?

प्युरिफायर म्हणजे तेल वेगाने फिरवून पाणी आणि घाण वेगळी काढणारा सेपरेटर. त्याच्यापाशी 991 चा उलगडा झाला. तेल आणि पाणी वेगळं होतं ते घनतेतल्या फरकावर. हा फरक फार कमी झाला की ग्रॅव्हिटी डिस्कच्या (तेल-पाण्याची सीमा ठरवणाऱ्या कड्याच्या) प्युरिफायरमध्ये दोघांमधली सीमा जागेवर टिकत नाही. आरएमके दर्जाचं तेल 1010 पर्यंत चालतं, पण त्यासाठी ग्रॅव्हिटी डिस्क नसलेला, तेवढ्या घनतेसाठी बनवलेला सेपरेटर लागतो. तेल 98 अंशांना का तापवतात, हे काकांनीच विचारलं. तापवल्यावर तेल पातळ होतं, त्याची घनता पाण्यापेक्षा वेगाने उतरते, आणि 100 च्या आत राहिल्याने बाऊलमधलं, म्हणजे फिरणाऱ्या भांड्यातलं, पाण्याचं सील उकळत नाही. हे त्यांना समजावून सांगता आलं, तेव्हा कुठे मला ते खरं कळलं.

सगळ्यात जास्त वेळ मी कॅट फाइन्सना दिला, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं. रिफायनरीत जड तेल फोडण्यासाठी वापरलेल्या उत्प्रेरकाचे हे कण, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे, अतिशय कठीण. लायनर आणि पिस्टन रिंगांच्या मध्ये ते रुतून बसतात आणि कानसीसारखे धातू झिजवत राहतात. तक्त्यातला 60 हा जहाजावर चढणाऱ्या तेलाचा आकडा आहे. इंजिनच्या तोंडाशी मात्र तो 15 च्या खाली हवा, जमलं तर 10 च्याही. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आला तरी ते तेल इंजिनसाठी तयार नसतं. ती तयारी सेपरेटरने करायची असते: प्रवाह कमी ठेवून, गरज पडली तर दोन सेपरेटर समांतर चालवून. समुद्र खवळला की टाकीच्या तळाशी बसलेले कण पुन्हा ढवळून वर येतात, म्हणून सेटलिंग टँकचा ड्रेन नियमित काढायचा.

व्हिस्कॉसिटी त्यामानाने सोपी. इंजेक्टरपाशी साधारण 10 ते 15 सेंटिस्टोक हवी, त्यासाठी 380 चं तेल सुमारे 130 अंशांपर्यंत तापवावं लागतं. बर्नरसाठी तेल तापवणाऱ्या काकांना यात नवीन काहीच नव्हतं.

सल्फरचा नियम इंजिनासाठी नाही, हवेसाठी आहे. 1 जानेवारी 2020 पासून जगभर 0.50 टक्के आणि उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत 2015 पासून 0.10 टक्के. पण त्याचा परिणाम इंजिनवर होतोच. कमी सल्फरच्या तेलाबरोबर जास्त बेस नंबरचं (आम्ल मारण्याची ताकद जास्त असलेलं) सिलिंडर ऑइल वापरलं, तर न वापरला गेलेला कॅल्शियम पिस्टनच्या माथ्यावर साचतो. शिवाय नवी तेलं मिश्रणाची असतात. दोन बंदरांची तेलं एका टाकीत घातली तर गाळ धरू शकतो, म्हणून आधी स्पॉट टेस्ट, म्हणजे मिश्रणाचा थेंब कागदावर टाकून डाग बघणं.

मुंबईला एमएमडीत, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये, परीक्षक सरांनी तक्ता विचारलाच नाही. "रिपोर्ट सगळा मर्यादेत आहे, तरी फ्युएल पंप जाम होतायत. कसं?" मी 2022 चं सिंगापूरचं प्रकरण सांगितलं. क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं मिसळलेलं तेल सुमारे 200 जहाजांना गेलं आणि त्यातल्या 80 च्या आसपास जहाजांनी पंप व इंजिनांचे बिघाड कळवले. नेहमीच्या चाचण्यांत ती रसायनं दिसत नाहीत. म्हणूनच तक्त्याबाहेरच्या कोणत्याही घातक पदार्थाला मानकात वेगळी मनाई आहे. पुढचा प्रश्न बंकरिंग, म्हणजे इंधन भरताना, घ्यायच्या नमुन्यावर आला. जहाजाच्या मॅनिफोल्डवर (तेलाचा पाइप जोडतात तिथे), बंकरिंग चालू असेपर्यंत थेंबथेंब घेतलेला. मार्पोलचा, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नमुना किमान 400 मिली, तो किमान 12 महिने जपायचा, आणि बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे इंधन मिळाल्याची पावती, 3 वर्षं.

पास झालो. आता फोर्थ इंजिनिअर म्हणून प्युरिफायर माझ्याकडे आहेत. नव्या बंकरचं तेल सुरू झालं की सेकंड इंजिनिअरांना सांगून प्युरिफायरच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन नमुने मी तपासणीला पाठवतो. ॲल्युमिनियम-सिलिकॉन किती उतरलं, ते त्या दोन आकड्यांतूनच कळतं.