आमची वाटचाल : कोरड्या हवेतला माल

२००४ साली अंबरनाथ एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे २५० लिटरचा एकच ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर होता, तोही सेकंडहँड. मी त्याआधी तारापूरला शिफ्ट केमिस्ट. भागीदार माझा मेव्हणा, हिशेब त्याच्याकडे. पहिला माल टीबीएबी, म्हणजे टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड. पाण्यातला पदार्थ आणि सॉल्व्हंटमधला पदार्थ एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांची गाठ घालून देणारं हे मीठ. दुसरा कोणी किलोमागे दोन रुपये कमी घेणारा भेटला की गिऱ्हाईक गेलंच, असा तो धंदा.

त्यातून बाहेर काढलं डायफिनाइल प्रोलिनॉलने. प्रोलीन हे साधं अमिनो आम्ल, पायासूप गार झाल्यावर जे जिलेटिन थिजतं त्यात भरपूर असतं. आता ते फर्मेंटेशनने बनतं आणि गोण्यांनी मिळतं. त्याच्यावर दोन फिनाइल (फरशी पुसायचं नव्हे, बेंझिनची कडी) चढवले की आमचा माल तयार. आमचं गिऱ्हाईक तो बोरेन या हायड्रोजन देणाऱ्या रसायनाबरोबर वापरून कीटोनचं अल्कोहोल करायचं. रेणूंनाही डावा-उजवा असतो आणि औषधात बहुतेकदा त्यातला एकच हवा असतो. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून कोण चालणार? प्रोलीन मुळातच एका बाजूचं, म्हणून त्याच्यापासून बनलेलं उत्प्रेरकही, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणारं रसायनही, बाजू धरून काम करतं.

पुढचं पाऊल भाच्यामुळे पडलं. तो पुण्याला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पीएचडी करत होता. दिवाळीला आला आणि म्हणाला, "मामा, याच मालाला सिलिल लावलंत तर बोरेनशिवाय काम करतो. तुम्ही अर्धाच माल विकताय." सिलिल म्हणजे सिलिकॉनचा गट. २००० साली अमेरिकेत बेंजामिन लिस्ट यांनी ला होयाला आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी बर्कलीला दाखवलं होतं, की धातू किंवा एन्झाइम नसतानाही छोटा सेंद्रिय रेणू एकाच बाजूचा माल देऊ शकतो. लिस्ट यांनी तर नुसतं प्रोलीनच वापरलं होतं. २००५ मध्ये डेन्मार्कचे योर्गेनसेन आणि जपानचे हायाशी यांनी स्वतंत्रपणे आमच्याच प्रोलिनॉलवर सिलिल बसवलं. आम्ही मात्र त्याचे ड्रम भरत बसलो होतो!

काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. उत्प्रेरकातला नायट्रोजन अल्डिहाइडला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कच्च्या मालाला, धरतो, तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अल्डिहाइडची दुसऱ्या रेणूशी जोडणी झाली की पाणी परत येऊन उत्प्रेरकाला सोडवतं. म्हणजे वापरताना थोडं पाणी चालतं, नव्हे लागतंच. बनवताना मात्र एक थेंब चालत नाही. आमची सगळी वाटचाल या दोन वाक्यांत अडकली आहे.

फिनाइल चढवायला ग्रिन्यार हे मॅग्नेशियमचं रसायन लागतं. मॅग्नेशियमचे तुकडे, टीएचएफ हे सॉल्व्हंट, वरून ब्रोमोबेंझिन. सुरू व्हावं म्हणून आयोडीनचा खडा टाकतात. तपकिरी रंग उडाला की समजायचं, क्रिया लागली. प्रोलिनॉलच्या पहिल्याच वर्षी जुलैत आम्ही हा उद्योग केला. बाहेर धो धो पाऊस, सॉल्व्हंटने कुठून ओल घेतली कोण जाणे. तीन तास रंग जाईना. ऑर्डरची घाई होती म्हणून मी ब्रोमोबेंझिन आणखी सोडायला सांगितलं. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, आधी लागू द्या." मी ऐकलं नाही. मग रंग गेला आणि साचलेलं सगळं एकदम पेटल्यासारखं लागलं. कंडेन्सर भरून वाहायला लागला. अण्णांनी आधीच ब्राइन, म्हणजे गार करायचं मिठाचं पाणी, पूर्ण खोलून ठेवलं होतं म्हणून भागलं. त्या दिवसापासून ग्रिन्यारला हो-नाही म्हणण्याचा अधिकार अण्णांचा.

माल विकताना आम्ही सांगायचो, धातू नाही, त्यामुळे काढायची कटकट नाही. ते खरंच आहे. पोटात घ्यायच्या औषधात पॅलेडियम हा उत्प्रेरकातला धातू दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही आणि ते काढायला पैसा लागतो. पण दुसरी बाजू गिऱ्हाइकानेच ऐकवली. धातूचं उत्प्रेरक शंभर रेणूंमागे एखादं पुरतं, आमचं दहा-वीस घालावं लागायचं. "हे उत्प्रेरक आहे की कच्चा माल?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर त्यांच्या टाकाऊ द्रावणात सापडलं. आम्ल घातलं की आमचा रेणू पाण्यात उतरतो. मग अल्कली घातली की सुटा होतो आणि सॉल्व्हंटमध्ये काढता येतो. सिलिल आम्लात गळून पडतं, पण महागडं प्रोलिनॉल शाबूत राहतं. ते आम्ही जॉबवर्कने परत मिळवून देऊ लागलो. मेव्हणा म्हणाला, "म्हणजे आपणच आपली विक्री कमी करतोय." झालीही, पण ती गिऱ्हाइकं अजून आमच्याकडेच आहेत.

६ ऑक्टोबर २०२१ ला लिस्ट आणि मॅकमिलन यांना नोबेल जाहीर झालं. आठवडाभर फोन वाजत होते. बहुतेक अभिनंदनाचे, दोन कॉलेजांतून भाषणाला बोलावणं, आणि एक चौकशी : पाच ग्रॅम सॅम्पल फुकट मिळेल का?

आता वर्षाचं गणित हवेवर बसवलंय. जून ते सप्टेंबर फक्त परत मिळवायचं काम, त्याला पाण्याचं वावडं नाही. मिळालेलं प्रोलिनॉल वाळवून ड्रममध्ये बंद ठेवायचं. ग्रिन्यार आणि सिलिल दिवाळीच्या सुमारास, अण्णा आर्द्रतेचा काटा बघून सांगतील तेव्हा. यंदा परतीचा पाऊस लांबलाय. मॅग्नेशियमचे डबे अजून सीलबंद आहेत.