तालमीत कॅमेरा लावायचा तर आधी उजेड बघा

कोल्हापुरातल्या तालमींचे फोटो सोशल मीडियावर पोत्याने सापडतात. पण त्यातल्या बऱ्याच फोटोंत पैलवान सपाट दिसतो आणि माती म्हणजे नुसता एक लाल पट्टा. कारण बहुतेक वेळा एकच असतं: कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश, तोही समोरून. मातीचा कण, पाठीवरचा वळ, दंडावरची शीर हे सगळं सावलीमुळे दिसतं आणि सावली पडायला उजेड बाजूने किंवा मागून यावा लागतो. तालमीचा रांगडेपणा एडिटिंगमध्ये वरून लावता येत नाही. तो तिथे असतोच, आपण फक्त तो पुसायचा नसतो.

जुन्या तालमींच्या भिंती जाड, खिडक्या लहान आणि उंचावर. फोटोसाठी ही अडचण नाही, ही सोय आहे. एकाच दिशेने, वरून तिरका येणारा उजेड स्टुडिओत पैसे मोजून उभा करावा लागतो. आत गेल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी हौद्याभोवती (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याभोवती) एक चक्कर मारा आणि खिडकी, दार, ट्यूब नेमक्या कुठे आहेत ते बघा. मग खिडकी आपल्या समोर किंवा खांद्याच्या रेषेत येईल अशी जागा धरा. खिडकी पाठीशी घेतली की फोटो मेलाच. मेहनत पहाटेच सुरू होते, पण कोल्हापुरात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास. त्यामुळे कामाचा उजेड मेहनतीच्या शेवटच्या टप्प्यातच मिळतो. त्या वेळी लढती चालू असतात की जोर-बैठका, हे तालमीतालमीत वेगळं असतं, म्हणून वस्तादांना आधी विचारून ठेवा.

विचारण्यावरून आठवलं. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू दे. चपला दाराबाहेर, मारुतीला नमस्कार, वस्तादांची परवानगी, हा क्रम मोडू नये. हौद्यात पाय टाकायचा नाही आणि ट्रायपॉडचा पायही नाही. तालमीत राहणारी पोरं बऱ्याचदा अठराच्या आतली असतात. त्यांचे फोटो कुठेही टाकायचे असतील तर घरच्यांची परवानगी घ्यावी लागते, नुसत्या वस्तादांच्या होकाराने भागत नाही. लंगोट बांधताना, अंग पुसताना फोटो काढू नयेत.

आता आकडे. खिडकीजवळ सकाळी साधारण आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) २.८ आणि शटर १/२५० सेकंद असं बसतं. हौद्याच्या आतल्या कोपऱ्यात एफ २ आणि आयएसओ ६४०० लागतो. ग्रेनला, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाला, घाबरू नका, हललेल्या फोटोपेक्षा ग्रेन केव्हाही परवडतो. लेन्स ३५ आणि ८५ मिमी एवढ्या दोन पुरतात. झूमच हवा असेल तर २४-७० एफ २.८. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किटमधल्या एफ ५.६ च्या झूमवर आत लढत काढायला जाऊ नका, दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) तिथेच जातात. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. खिडकी फ्रेममध्ये आली की ऑटो घाबरतं आणि पैलवान काळा पडतो. तेल-घामाने चमकणारा खांदा आधी पांढरा फुटतो, म्हणून खांद्यावर मीटरिंग करून, म्हणजे तिथला उजेड मोजून, तिथला तपशील वाचवा. सावल्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमधून) दीड-दोन स्टॉप वर येतात, पण फुटलेला खांदा परत येत नाही.

ट्यूबलाइटचा एक त्रास हमखास होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि स्वस्तातल्या एलईडी पट्ट्या सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० वर नेलं की एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, कधी फोटोभर आडवे पट्टे. लढत सुरू व्हायच्या आधी मोकळ्या भिंतीचे १/५०० ला सलग दहा फोटो काढा. पट्टे दिसले तर कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू करा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. तरीही भागलं नाही तर १/१०० वर या आणि त्या वेगाला साजेसे क्षण शोधा. ट्यूब बंद करायला सांगू नका. त्या उजेडात पोरं लढत असतात.

क्षण शोधायचा म्हणजे व्यायामाची लय ओळखायची. बैठकेत गडी अगदी खाली आणि अगदी वर असताना क्षणभर थांबतो, तिथे १/१२५ पुरतं. जोरात छाती मातीजवळून सरकून वर येते तेव्हा मान ताणलेली आणि दंड भरलेले असतात. तो क्षण काढायला कॅमेरा जमिनीलगत हवा. उभ्याने काढलेल्या जोराच्या फोटोत पाठीशिवाय काही दिसत नाही. मुद्गल (फिरवायचं जड लाकडी साधन) पाठीमागे गेलेलं असताना कोपर वर येतं आणि बरगड्या उघड्या पडतात, त्या वेळी बाजूने काढा. फिरतं मुद्गल धूसर हवं असेल तर १/३०, मात्र चेहरा स्थिर राहिला पाहिजे, त्यासाठी आठ-दहा फेऱ्या काढाव्या लागतात. शड्डूचा फोटो १/१०००ला, आणि मागून उजेड हवाच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: तालमीची माती कोरडी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, काव घालतात, पाणी शिंपडतात, त्यामुळे ती ढेकळांनी उडते, धुरळा होत नाही. बारीक धूळ दिसते ती अंगाला चोळलेली माती वाळल्यावर शड्डू ठोकताना, किंवा सकाळी हौदा उकरताना. मागच्या उजेडात ती सोन्यासारखी पेटते, समोरच्या उजेडात दिसतही नाही.

लढतीत मात्र डाव ओळखता आला पाहिजे, नाहीतर हाती फक्त दोन पाठी लागतात. खडाखडीत (उभ्याने एकमेकांचा जोर अजमावताना) दोघांची डोकी जवळ असतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर. मला विचाराल तर तालमीतला सगळ्यात बोलका फोटो इथे आहे. मानेत रुतलेली बोटं, बोटांखाली पांढरी पडलेली कातडी, नखांत भरलेली माती आणि वरच्या कोपऱ्यात एकच डोळा. ८५ लेन्सने हौद्याच्या कडेला बसून, एफ २.८ ला, फोकस बोटांवर. धोबीपछाडीत मारणारा पाठ वळवून समोरच्याला खांद्यावरून पुढे आणतो. तुम्ही मारणाऱ्याच्या समोर असाल तर दोन्ही चेहरे मिळतात, मागे असाल तर नुसते पाय. पट काढताना हल्ला करणाऱ्याचं तोंड खाली जातं, तेव्हा ज्याचा पाय धरलाय त्याच्या चेहऱ्याकडे बघा. डाव बसल्यावर बटण दाबलं तर उशीर झाला. खांदा खाली गेला, पाय आत सरकला, की लगेच सुरू करा, शटर १/५०० किंवा जास्त. मातीने माखलेल्या चेहऱ्यावर डोळा शोधणारं ऑटोफोकस बऱ्याचदा चुकतं आणि मागच्या भिंतीवरच्या तसबिरीतला चेहरा धरून बसतं. ते बंद करून फोकसचा लहान झोन निवडा आणि तो जवळच्या खांद्यावर ठेवा.

फ्लॅशबद्दल माझं मत ठाम आहे: लढतीत फ्लॅश नाही. डाव सुटायच्या क्षणी डोळ्यांवर झोत आला तर मान मुरगळू शकते. व्यायामाच्या वेळी परवानगी घेऊन एक फ्लॅश वापरता येतो. तो कॅमेऱ्यावर न लावता पैलवानाच्या मागच्या कोपऱ्यात, उंचावर, खिडकीच्या गजाला क्लॅम्पने बांधा. स्टँड ठेवला तर गडी लोळत येऊन त्यावर आदळतो. ताकद १/१६ पुरे. एवढ्या कमी ताकदीला चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपते, त्यामुळे उडालेली माती गोठते. फ्लॅश शरीरापासून १ मीटरवर आणि भिंत फ्लॅशपासून ४ मीटरवर असेल तर भिंतीवर सोळावा हिस्सा उजेड पोचतो, म्हणजे चार स्टॉप कमी. पार्श्वभूमी काळी करायला कापड लागत नाही, अंतर लागतं.

तालमीची माती आणि काच यांचं वैर आहे. तेलकट माती काचेवर चिकटते आणि रुमालाने पुसली की आतले खडे चरे पाडतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं द्रावण आणि कापड, हा क्रम चुकवू नका. लेन्सवर यूव्ही फिल्टर ठेवा, कॅमेऱ्याच्या बॉडीला साधी प्लॅस्टिक पिशवी आणि रबरबँड. तालमीत लेन्स बदलू नका. दोन लेन्स लागणार असतील तर दोन बॉडी न्या, नाहीतर बाहेर अंगणात जाऊन बदला. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून थेट आत गेलात तर काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा, पुसत बसू नका.

मेहनत संपल्यावर पोर्ट्रेट. दारापासून मीटरभर आत उभं करा, अंग दाराकडे तिरकं, मागे अंधार. हसायला सांगू नका, छाती फुगवायलाही नाही. दम खाली बसायच्या आत चेहरा खरा असतो, दोन-तीन मिनिटांत तो बदलतो. कुस्तीत मोडलेला कान उजेडाकडे वळवा. पैलवान त्याला मानाची खूण समजतात, तो सावलीत लपवू नये.

कोल्हापुरातल्या खासबाग कुस्ती मैदानाचं गणित वेगळं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभं राहिलेलं हे गोल मैदान उघडं आहे. दुपारच्या कुस्त्यांना वरून कडक ऊन असतं, डोळ्यांत काळे खड्डे पडतात. शेवटच्या मोठ्या कुस्त्या संध्याकाळकडे येतात, तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून बसा आणि ७०-२०० ची झूम लेन्स न्या.

रंगाकडे येऊ. लाल मातीचा उजेड खालून हनुवटीवर आणि छातीवर उसळतो. तो पूर्ण काढायला गेलात तर भिंती निळ्या-हिरव्या होतात. खिडकीखाली व्हाइट बॅलन्स ५२००-५५०० केल्विन ठेवा आणि ट्यूबची हिरवट झाक असेल तर मॅजेंटा १० ते १५ वाढवा. कृष्णधवल करताना लाल आणि नारिंगी स्लायडर एकत्र वर नेले तर माती आणि कातडी दोन्ही पांढुरकी पडतात. लाल थोडा खाली, नारिंगी जागेवर, म्हणजे माती गडद आणि अंग वेगळं उठतं. क्लॅरिटी (एडिटिंगमधला, कडा ठसठशीत करणारा स्लायडर) २० च्या पुढे नेऊ नका, आणि ती मातीवर लावा, चेहऱ्यावर नको. क्लॅरिटी ६० ला नेलेला पैलवान भाजल्यासारखा दिसतो.

फोटोखाली डावाचं नाव लिहायच्या आधी वस्तादांना दाखवून घ्या. ढाक या डावाला धोबीपछाड लिहिलेला फोटो तालमीत कोणी मानत नाही. आणि चांगल्यातले चार-पाच १२ बाय १८ इंचांत प्रिंट करून द्या, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर तालमीतल्या ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि तेलकट बोटांचे ठसे राहतात.