घर खरं असतं हो, मालक खोटा असतो

"ऑनलाइन घर बघतोय भाड्याने, फसणार नाही ना?" असा मेसेज मला महिन्यातून 2-3 वेळा तरी येतो, कारण मी यात एकदा चांगलीच पोळलेय हे ओळखीत सगळ्यांना माहितीये आणि माझा नंबर परस्पर फिरतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

माझं फसणं अगदी साधं होतं. फोटो मस्त, भाडं तशाच बाकीच्या घरांपेक्षा बरंच कमी, मालक म्हणे कामासाठी परदेशात, चावी कुरियरने पाठवतो पण आधी टोकन टाका कारण अजून दोघं लाइनीत आहेत. टाकलं. मग 'ही परत मिळते' म्हणून अजून एक रक्कम मागितली, तीही टाकली (हसू नका, पैसे अडकले की ते सोडवायला माणूस आणखी घालतोच). चावी आली नाही, नंबर बंद. रात्री झोप लागेना म्हणून ते फोटो मोठे करकरून बघत बसले, तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं सॉकेट आपल्याकडचं नव्हतंच! वर दोन तिरक्या फटी, खाली एक उभी. गूगल लेन्समध्ये (तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधून देतं) फोटो टाकला, दुसऱ्याच देशातलं सुट्टीसाठी भाड्याने देतात तसलं घर निघालं. अर्धा मिनिट लागला, तो मी पैसे टाकायच्या आधी दिला नव्हता.

पण लेन्समध्ये काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं नाही हं. हे लोक फोटो कापतात, आरशासारखा उलटा करतात, मग शोधात येत नाही कधीकधी. कॅलेंडर, घड्याळाचे आकडे, पुस्तकांची नावं बघा, अक्षरं उलटी दिसली की समजायचं.

आता सगळे सांगतात की प्रत्यक्ष जाऊन बघा म्हणजे झालं. नाही होत. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीने घर बघितलं, आत फिरली, नळ सोडून पाणी बघितलं, चावी लावून दार उघडणारा माणूस समोर उभा होता, करार झाला, पैसे दिले. राहायला गेली तर दारात आधीच दोन कुटुंबं सामान घेऊन उभी. त्या माणसाने ते घर चार दिवसांसाठी घेतलं होतं आणि त्या चार दिवसांत जमेल तितक्यांना 'भाड्याने' दिलं. घर शंभर टक्के खरं होतं. आपण भिंती, खिडक्या, नळ तपासतो आणि माणूस तपासायचा राहतो, माझं म्हणणं एवढंच आहे.

माणूस कसा तपासायचा? मालकीच्या कागदावरचं नाव, त्याच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार ते नाव, तिन्ही एकच पाहिजेत. 'भाच्याच्या खात्यावर टाका' म्हटलं की तिथेच थांबा. एजंट असेल तर मालकाशी स्वतः बोला, आणि तो नंबर एजंटने दिलेला नको, दुसरीकडून मिळवा. दुसऱ्या कुठल्या तरी वेळी एकटे जाऊन शेजाऱ्यांची बेल वाजवा, लाज वाटते पण वाजवा, 'इथे कोण राहतं, मालक कोण' एवढं विचारलं की खूप कळतं. लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर त्याला रस्त्यापासून चालत, कॅमेरा बंद न करता आत जायला सांगा आणि मधेच विचारा, मेन स्विच कुठेय दाखवा. खरा मालक वैतागेल पण दाखवेल.

स्वतःचं ओळखपत्र उगाच पाठवू नका. मला 'मालकाचं' म्हणून जे आलं होतं ते बहुतेक माझ्याआधी फसलेल्या कुणाचं तरी असणार, असं मला आता वाटतं. पाठवावंच लागलं तर फोटोवर आडवं लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन, रडणं नंतर, कारण ते पैसे पटापट एका खात्यातून दुसऱ्यात जातात. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, समोरचा डिलीट करतो. मग पोलीस तक्रार.

आणि त्यानंतर एक फोन येतो, 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा.' मलाही आला होता, आठ दिवसांनी. माणूस इतका अदबीने बोलत होता की मी बँकेचं ॲप उघडलंसुद्धा. मग तो म्हणाला, "मॅडम जरा लवकर करा, अजून दोघं लाइनीत आहेत."